अर्धं मत

आमच्या सोसायटीच्या सभेत माझं मत अर्धं भरलं. इतिवृत्तात ते तसंच उतरलं असतं, पण आमचे सेक्रेटरी जन्मभर तलाठी होते. अपूर्णांक ते फक्त गुंठ्यांत मांडतात, माणसांत नाही.

विषय होता गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचा. टाकी गळते. ती दुरुस्त करण्याऐवजी रंगवावी, असा ठराव आला होता. "ज्यांचा विरोध असेल त्यांनी हात वर करा," असं चेअरमन म्हणाले आणि मी बाणेदारपणे उजवा हात उचलला. हात मांडीवरून निघाला, पोट मागे पडलं, छाती आली आणि खांद्याच्या थोडं अलीकडे दंडात अशी कळ आली की हात तिथेच उभा राहिला. वर जाईना, आणि भर सभेत खाली घेणं बरं दिसेना.

चेअरमननी चष्म्यावरून पाहिलं. "तुमचं नक्की काय? विरोध आहे, की रिक्षा थांबवताय?"

सभा हसली. मी डाव्या हाताने उजवा कोपर वर ढकलायला गेलो तोवर मोजणी उरकली होती. माझ्या नावापुढे 'तटस्थ' पडलं आणि ठराव एका मताने मंजूर झाला. टाकी आता हिरवीगार दिसते आणि पूर्वीइतकीच गळते.

मराठी माणसाला हात वर करता येऊ नयेत यासारखी नामुष्की नाही. पस्तीस वर्षं मी सरकारी कचेरीत काढली ती याच विद्येवर. फाइल हरवली, हात वर. पाहुणे येणार आहेत, हात वर. मुलाने गणित विचारलं, दोन्ही हात वर. त्या कामात खांदा लागतो हे मला अठ्ठावन्न वर्षं ठाऊकच नव्हतं.

आता हे दुखणं आलं कुठून, तर काटकसरीतून. दिवाळीआधी हॉलचं छत रंगवायला रंगाऱ्याने चार हजार सांगितले. "चार हजारांत मी साताऱ्याचं आकाश रंगवून देईन," असं म्हणून मी स्टुलावर चढलो. दोन दिवस मान मागे, हात वर, हातात ब्रश. बायको खाली स्टूल धरून उभी. तिसऱ्या दिवशी "छत मीच रंगवलं" असं मी येईल त्याला सांगत होतो आणि चौथ्या दिवशी शर्टाच्या बाहीत हात जाईना.

दुखण्याला एक शिस्त मात्र होती. खालच्या मजल्यावर काहीच त्रास नाही. जेवता येतं, सही करता येते, पेढा उचलता येतो. हात खांद्याच्या जरा खाली आला की खंबाटकी घाटातल्यासारखी कोंडी. आणि दात-ओठ खाऊन तो टप्पा ओलांडला की डोक्यावर पुन्हा मोकळा रस्ता. म्हणजे देवळातली घंटा वाजवून झाल्यावर हात वर राहायला हरकत नसायची. जाताना आणि येताना तेवढा जीव जायचा. पुजाऱ्याला वाटे, काका हल्ली फारच तल्लीन होऊन घंटेला लोंबकळतात.

माझी सासुरवाड सांगलीची. मेव्हण्याच्या घरी वास्तुशांत होती म्हणून आम्ही एसटीने निघालो. गाडी भरलेली. बायकोला जागा मिळाली, मला दांडा. दांडा डोक्यावर, हात कमरेला. उंब्रजपर्यंत मी नुसत्या पायांवर तोल सांभाळला. कराडला ड्रायव्हरने ब्रेक मारला आणि मी कंडक्टरच्या तिकिटांच्या मशीनवर जाऊन आदळलो.

"ओ काका, वर धरा की!"

"वर जात नाही."

"मग खाली बसायचं!" त्याने बॉनेटजवळ एका पोत्यावर मला बसवलं. पोत्यात काय होतं ते आष्ट्यापर्यंत कळलं नाही. पण टोचत होतं.

सांगलीत दुखणं लपत नाही. जेवायला बसलो आणि वाढपी उजवीकडून आला तरी मी डावा हात पुढे केला, तेवढ्यावर घरात वैद्यकीय समिती बसली. मेव्हणा म्हणाला, "दाजी, हवा धरली असंल." मेव्हणी म्हणाली, नस चढली. सासूबाईंनी हळदीचा लेप काढला. हळद सांगलीची, म्हणजे २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालेली. तिच्या गुणाविषयी शंका घ्यायची जावयाची काय बिशाद! लेपाने खांदा पिवळा झाला, सदरा पिवळा झाला, उशी पिवळी झाली. हळद लागून मी चाळीस वर्षांनी तरुण झालो. नवरदेवासारखा दिसत होतो आणि हात मुंडावळ्या बांधण्याएवढाही वर जात नव्हता.

शेवटी मेव्हण्याने मला मिरजेला नेलं. सांगलीच्या माणसाला मिरज दोनच गोष्टींसाठी आठवते: तंबोरा आणि डॉक्टर. विल्यम वानलेस या मिशनरी डॉक्टरने १८९४ मध्ये तिथे दवाखाना उघडला तेव्हापासून अर्ध्या दक्षिण महाराष्ट्राची दुखणी मिरजेच्या गाडीत बसतात. आम्ही ज्यांच्याकडे गेलो त्या डॉक्टरांनी दोन मिनिटं हात फिरवून पाहिला, "रोटेटर कफ" असं म्हणाले आणि फिजिओथेरपीच्या खोलीकडे बोट दाखवलं.

मी घरी फोन करून तेवढंच कळवलं, ती माझी चूक. संध्याकाळी परतलो तर सासूबाई अडुळशाचा काढा घेऊन दारात. "बघा, मी म्हणतच हुते. कफ छातीतनं खांद्यात उतरला." तो काढा मी प्यायलो. खांद्याला फरक पडला नाही, आवाज मात्र खुलला.

फिजिओथेरपिस्ट मुलगी माझ्या लेकीच्या वयाची होती. कफाचा किस्सा दुसऱ्या दिवशी सांगितला तेव्हा ती हसता हसता म्हणाली, "काका, खोकल्याचा नव्हे, बाहीचा कफ." मग तिने माझा हात स्वतः धरून वर नेला. कळ आली, पण हात पार कानापर्यंत गेला. ती खूश झाली. "खांदा गोठलेला नाही. गोठला असता तर मलाही नेता आला नसता, आणि बाहेरच्या बाजूला तर आधीच वळेनासा झाला असता. मधुमेह आहे का?" मी नाही म्हणालो. "मग हे दोरीवाल्यांचं दुखणं आहे."

दोरीवाले हा शब्द तिचा नव्हे, माझा. ती स्नायू म्हणाली होती. पण तिने टेबलावरचा प्लॅस्टिकचा खांदा पुढे ओढून जे दाखवलं, ते पाहताना मला निनाम पाडळी आठवली.

आधी तो खांदा बघा. पाठीवर जो फरा असतो त्याच्या कडेला एक उथळ बशी आहे. बशी कसली, चपटा कंदी पेढा म्हणा. तेवढीच आणि तेवढीच सपाट. तिच्यावर दंडाच्या हाडाचा गोळा टेकलेला, लहानशा मोसंब्याएवढा. त्या गोळ्याचा फार तर चौथा-तिसरा हिस्सा एका वेळी बशीला लागतो, बाकीचा बाहेर. खुब्याचा सांधा उखळासारखा खोल असतो, म्हणून तो सहसा निसटत नाही. पण म्हणूनच पायाने आपल्याला पाठ खाजवता येत नाही. खांद्याने खोली सोडली आणि मोकळीक घेतली. पेढ्यावर मोसंबं ठेवून ते चहूकडे फिरवायचं, पण पडू द्यायचं नाही, असा हा कारभार आहे.

आता हात उचलणारा कोण? बाहेरून दिसतो तो खांद्यावरचा गोल गरगरीत डेल्टॉइड. तालमीत जाणारी पोरं बिनबाह्यांचा बनियन घालतात ती याच्यासाठी. पण डेल्टॉइडची एक खोड आहे. हात खाली लोंबत असताना त्याने जोर लावला, की तो हाताला बाजूला उचलण्याआधी गोळ्यालाच सरळ वर ओढतो. वर फऱ्याच्या हाडाचं छप्पर आहे. गोळा त्या छपरावर आपटणार.

इथे पाडळी येते. चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर मानाची पहिली सासनकाठी आमच्या सातारा जिल्ह्यातल्या निनाम पाडळीची. दोन-तीन मजली उंच काठी, मधे एक गडी ती पेलून नाचवतो, गुलालात सगळं गुलाबी झालेलं, आणि लोक त्या गड्याकडे बघत असतात. पण काठीला चहूबाजूंनी दोऱ्या बांधलेल्या असतात आणि त्या ताणून धरणारी माणसं गर्दीत वाकून, मागेपुढे सरकत, सतत थोडं सोडत थोडं ओढत असतात. त्यांनी दोऱ्या सोडल्या तर पेलणारा कितीही तगडा असला तरी काठी कुणाच्या तरी डोक्यात.

खांद्यात असे चौघे दोरीवाले आहेत. त्यांची नावं रोमन सरदारांसारखी आहेत: वरच्या अंगाला सुप्रास्पायनेटस, मागे इन्फ्रास्पायनेटस आणि धाकटा टेरिस मायनर, आणि पुढे, फरा आणि बरगड्या यांच्या सांदीत दडून बसलेला सबस्कॅप्युलॅरिस, जो चौघांत सगळ्यांत दांडगा. चौघंही फऱ्यावरून निघतात आणि त्यांच्या कंडरा गोळ्याला बाहीच्या कफासारखा वेढा घालतात. फरक एवढाच की सासनकाठीच्या दोऱ्या उंचावर बांधतात, ह्यांनी बुंधाच धरलेला असतो, कारण ही काठी फिरवायची आहे. डेल्टॉइड वर ओढू लागला की मागचे दोघं आणि पुढचा एक मिळून गोळ्याला आत आणि किंचित खाली दाबतात. वरचा त्याला बशीत रेटतो आणि उचलायलाही हात लावतो. वर ओढणारा एक, धरून ठेवणारे चार. ह्या भांडणातून हात वर जातो.

मानापानाचा वाद इथेही आहे. हात उचलताना पहिले पंधरा अंश सुप्रास्पायनेटसचे आणि मग डेल्टॉइड येतो, असं जुन्या पुस्तकांत असे. पुढे स्नायूंतले विजेचे संकेत मोजता आले तेव्हा कळलं की दोघंही सुरुवातीपासूनच कामाला असतात. पहिल्या काठीचा मान कुणाचा यावर निदान शरीरात तरी तडजोड झालेली आहे.

"मग माझा हात मध्येच का अडतो?" मी विचारलं.

"साधारण साठ ते एकशेवीस अंशांत, हो ना?" तिने न मोजता माझी कोंडी अंशांत सांगितली. वरच्या दोरीवाल्याची कंडरा त्या हाडाच्या छपराखालून जाते. वाट अरुंद, आमच्या समर्थ मंदिराकडच्या बोगद्यासारखी. मधे वंगणाची एक छोटी पिशवी असते, तिच्या जिवावर रहदारी चालते. कंडरा सुजली आणि त्यात खाली दाबणारे तिघं ढेपाळले, की गोळा वर सरकतो आणि बोगद्यात नेमकी साठ ते एकशेवीसच्या दरम्यान घासाघीस होते. त्यापुढे सुजलेला भाग पलीकडे निघून गेलेला असतो, म्हणून घंटेपाशी सुटका.

"अंगठा जमिनीकडे करून हात बाजूने वर न्या बघू. डावा, बरा असलेला." नेला. खांद्याच्या पातळीला येऊन तो चांगला हातही कुरकुरला. "आता अंगठा छताकडे." सरळ वर गेला. हाताला बाहेरच्या अंगाला वळण मिळालं की गोळ्यावरचा उंचवटा छपराखालून मागे सरकतो, एवढंच. मागच्या दोघा दोरीवाल्यांचं हे काम. बोगद्यात शिरताना एसटीचा ड्रायव्हर आरसा आत दुमडतो तसं.

मग तिने मला सदरा काढायला लावून आरशासमोर उभं केलं आणि माझ्या फऱ्याच्या खालच्या टोकावर अंगठा ठेवला. हात वर जाताना फराही फिरतो, हे मी प्रथमच ऐकलं. १९४४ साली अमेरिकेत इनमन आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी मांडलेला हिशेब आजही शिकवतात: एकशेऐंशी अंशांतले साधारण एकशेवीस सांध्याचे, साठ फऱ्याचे. म्हणजे दोनास एक. माझा फरा मात्र घाईवर आलेला. हात निघायच्या आधीच खांदा कानाला जाऊन भिडत होता.

"काका, तुम्ही हात वर करत नाही आहात. खांदे उडवताय."

पस्तीस वर्षांच्या सेवेचा इतका नेमका गोपनीय अहवाल मला कुणी दिला नव्हता.

जाता जाता तिने एक आकडा सांगितला. माझं वजन ऐंशी, त्यातला हात सुमारे चार किलो. पण हात आडवा धरला की सांध्यावर येणारा दाब चारचा राहत नाही. १९७८ साली पॉपेन आणि वॉकर यांनी तो देहाच्या वजनाच्या ८९ टक्क्यांवर काढला होता. मी मनात गुणाकार केला. एकाहत्तर किलो. दोन दिवस मी कंदी पेढ्यावर एकाहत्तर किलो तोलत छत रंगवत होतो, चार हजार वाचवण्यासाठी.

व्यायाम दिला तो बघून रडू आलं. पुढे वाकून हात घंटेच्या लोलकासारखा सोडायचा आणि हलवायचा. मग कोपर बरगडीला चिकटवून, काखेत टॉवेलची घडी धरून, दाराच्या कडीला बांधलेला रबरी पट्टा बाहेर ओढायचा. पंधरा वेळा, तीनदा. पहिल्या दिवशी तर पट्ट्याशिवायच.

सांगलीच्या घरी आमचे चुलत सासरे आबा आहेत. ऐन उमेदीत गावोगावच्या फडांत कुस्त्या मारलेले, आता अठ्ठ्याहत्तरचे. मी अंगणात तो पिवळा पट्टा ओढताना ते ओट्यावर तंबाखू मळत होते.

"पाव्हणं, हे काय चाललंय? पायजम्याची नाडी ताणताय व्हय?"

मी त्यांना चौघं दोरीवाले समजावून सांगितले. ऐकून घेतलं, तंबाखू तोंडात टाकली आणि उठले. "आणा हिकडं." मी टॉवेल काखेत दिला, कोपर लावून दिला. आबांनी पट्टा ओढला. पहिले पाच झाले. आठव्याला कपाळावर शीर आली. दहाव्याला कोपर बरगडी सोडून पळाला.

"आयला," आबा म्हणाले, "हजार जोर मारल्यात ह्या हातांनी, पण हितं कधी कुणी बोट लावलं न्हाई." मग थोडा वेळ गप्प बसून म्हणाले, "खाशाबा असाच हुता. दिसायला बारीक. पर चिकाटी."

खाशाबा जाधव म्हणजे कराडशेजारच्या गोळेश्वरचे; १९५२ साली हेलसिंकीत बँटमवेट गटात, सत्तावन्न किलोंच्या आत, कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. एसटीतलं माझ्या बुडाखालचं पोतं गोळेश्वरच्या अंगावरूनच आलं होतं आणि मी नुसता टोचतंय म्हणून चरफडत होतो.

त्या रात्री आबांनी रामायणाचीही फेरतपासणी केली. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीता स्वयंवर' सांगलीतच केलं, त्यामुळे शिवधनुष्य हा सांगलीकरांना घरचा विषय वाटतो. "रावणानं धनुष्य उचललं आन् छातीवर पाडून घेतलं," आबा म्हणाले. "आता कळलं. वरचं गोळं दांडगं, आतलं कच्चं." मेव्हण्याने हिशेब केला: वीस हात, म्हणजे ऐंशी दोरीवाले. "ऐंशी जणांची एकी कशी व्हणार, दाजी? आमच्यात चौघांची भावकी मिटंना."

मी साताऱ्याला परतलो आणि तीन महिने पट्टा ओढला. पहिला महिना नुसता रागाचा. दुसऱ्या महिन्यात उजव्या कुशीवर झोप लागली. तिसऱ्यात गुढीपाडवा आला. गुढी बांधताना मी स्टुलावर चढलो, अंगठा छताकडे ठेवला, आणि काठी खिडकीच्या गजापर्यंत नेली. कळ आली नाही. खाली पाहिलं तर बायको स्टुलाचे दोन पाय धरून उभी होती, दिवाळीत होती तशीच.

"छत आपण रंगवलं होतं," मी वरून म्हणालो.

"कळलं का?" ती म्हणाली. "आता उतरा, नैवेद्य दाखवायचाय."

त्याच आठवड्यात सोसायटीची पुन्हा सभा होती. टाकीची गळती आता खालच्या मजल्यावर पोचली होती. दुरुस्तीची देखरेख कुणी करायची, असा विषय होता आणि सगळे पंख्याकडे बघत होते. समोरच्या रांगेतून चेअरमननी मला हळूच विचारलं, "काय, खांदा कसा आहे आता?"

मी अंगठा वर करून, कोपर सरळ ठेवून, एकशेऐंशीच्या एकशेऐंशी अंशांत उजवा हात कानाला लावून दाखवला.

"बिनविरोध," सेक्रेटरी म्हणाले आणि लिहून मोकळे झाले.

तेव्हापासून रोज सकाळी मी गच्चीवर टाकीखाली बादली लावतो. प्लंबर येत नाही, ठेकेदार फोन उचलत नाही. आणि मला आता हात वर करता येतात, म्हणून हात वर करता येत नाहीत.